तीन जिने चढून दमणाऱ्या मुलाचं काय करायचं?

एका आईनं विचारलंय: मुलगा नववीत आहे, वय चौदा. तिसऱ्या मजल्यावरच्या घरी चढून आला की धापा टाकतो. दिवाळीनंतर जिम लावली, महिन्याच्या आत सोडली. आता प्रोटीन पावडरचा डबा मागतोय. वडील येता-जाता त्याला ‘ढोल्या’ म्हणतात, म्हणजे लाज वाटून तरी हलेल. मामेभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याच्याबरोबर पहाटे पळायला पाठवू का? जिमनं उंची खुंटते का? आणि अगदी शेवटी एक ओळ: अकरावीतली मुलगीही हल्ली फार दमते, पण ती बारीक आहे, तिचं काही नाही.

ताई, मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ३१ वर्षं पीटी शिकवली. आता निवृत्त आहे, पण संध्याकाळी मैदानावर पंधरा-वीस पोरं-पोरी येतात, त्यांच्यात माझाही व्यायाम होतो. तुम्ही शेवटी टाकलेली ती ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे नंतर येतो, कारण तिला जरा जागा लागणार आहे.

आधी ‘ढोल्या’चं बघू. हे आजपासून बंद. वडिलांचा हेतू वाईट नाही, ठाऊक आहे मला. पण हीच चूक मी पगार घेऊन केलीय. उशिरा आला, मैदानाला दोन फेऱ्या. गृहपाठ नाही, वीस उठाबशा. दहा-बारा वर्षं मी हेच करत होतो आणि शिस्तीचा सर म्हणून मिरवत होतो. मग एका लग्नात जुना विद्यार्थी भेटला, तिशीतला, पोट सुटलेला. म्हटलं, पळत जा रे जरा सकाळी. हसत हसत म्हणाला, “सर, पळायचं म्हटलं की अजून वाटतं आपलं काहीतरी चुकलंय.” जेवण गेलं नाही मला त्या दिवशी. पळणं ही शिक्षा आहे हे मीच त्याच्या अंगात मुरवलं होतं. त्यानंतर शिक्षा म्हणून व्यायाम कधी दिला नाही. उलट करून पाहिलं. ज्यानं चांगलं काही केलं त्याला खेळाच्या तासाला संघ निवडायला द्यायचा. तोच वर्ग, तीच पोरं, पण मैदानावर यायची चाल बदलली.

लाजेनं मूल हलत नाही, लपतं. शर्ट बाहेर काढून फिरतं, पोहायला नको म्हणतं, खो-खोत ‘मी बघतो’ म्हणून कडेला बसतं. आणि कडेला बसलेलं मूल आणखी मागे पडतं.

आता जिम का सुटली ते तो तुम्हाला सांगणार नाही, मी अंदाजानं सांगतो. एकटा गेला. आजूबाजूला पंचविशीतली तयार अंगाची पोरं, चारी भिंतींना आरसे. पहिल्याच दिवशी कोणीतरी पायांचा सगळा व्यायाम करून घेतला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की संडासला बसता येईना. सवय नसलेल्या स्नायूंना पहिल्यांदा ताण दिला की दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे त्याला आधी कोणी सांगितलं नसेल. मग चार दिवस खाडा, मग परत जायची लाज, मग ‘मला नाही आवडत’. पोरगं आळशी नाहीये, ताई. सुरुवात चुकली.

माझा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर, पहिले महिनाभर मुलाला पोट भरायच्या आधी पानावरून उठवायचं. ‘एवढंच?’ असं म्हणत तो घरी आला पाहिजे. दमवायचं नाही.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? आठवड्यातून तीन दिवस, एक सोडून एक. शाळेचं किंवा सोसायटीमागचं कुठलंही मातीचं मैदान बघा. पाच मिनिटं चालणं. मग एक मिनिट अगदी हळू पळायचं, इतकं हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, आणि दोन मिनिटं चालायचं. असं सहा वेळा. अठरा मिनिटं झाली, संपलं. पळताना बोलता येत नसेल तर तो वेगात पळतोय, एवढी एकच खूण पुरे, हाताला घड्याळ-बिड्याळ काही नको. दुसऱ्या आठवड्यात तेच. हो, तेच. तिसऱ्या आठवड्यात दीड मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं. चौथ्यात दोन आणि एक. मधल्या दिवशी अंग मोडत असेल तर तसंच राहू द्यायचं. पाचव्या आठवड्यापर्यंत तो सलग पाच-सात मिनिटं पळायला लागतो आणि ते त्याला स्वतःलाच खरं वाटत नाही. त्या दिवसाचा चेहरा बघायला मी अजून मैदानावर जातो.

पळण्यानंतर दहा मिनिटं ताकदीचं. जोर जमिनीवर नकोत. आधी भिंतीला हात टेकून, ते पंधरा सहज झाले की पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. बैठका खुर्चीवर टेकून उठायच्या. जमिनीवर एकही जोर निघत नाही म्हणून शंभरातली ऐंशी पोरं हा प्रकार पहिल्याच दिवशी सोडून देतात, आणि भिंतीवर सुरू केलेली सहसा टिकतात. (शंभरातली ऐंशी हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.) सिंगल बार असेल तर नुसतं लोंबकळायचं, दहा सेकंद, पंधरा सेकंद.

घरातच करायचं असेल तर सूर्यनमस्काराइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. वाकणं, ताणणं, हातांवर वजन पेलणं, सगळं एकात, आणि जागा सतरंजीएवढी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले होते, आमच्या जिल्ह्यात त्याचा अभिमान अजून आहे. मी सक्तीच्या बाजूचा नाही. पण सावकाश, श्वास सांभाळून बारा नमस्कार घातले तर सहा-सात मिनिटं लागतात, आणि एवढा वेळ नाही असं दहावीचा मुलगाही म्हणू शकत नाही. रथसप्तमीला शाळेत १०८ घालून दुसऱ्या दिवशी सुटी मागणाऱ्यांपेक्षा रोज सहा घालणारा बरा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यात किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काही असावं. हा आकडा वाचून आईबाप घाबरतात. घाबरू नका. तो सरासरी आहे, आणि तुकड्या-तुकड्यांत चालतो. क्लासला सायकलनं गेला, पंधरा मिनिटं मोजा. शाळेत मधल्या सुट्टीत शिवाशिवी झाली, दहा मिनिटं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा-सहा किलोमीटर चालत-पळत शाळेत जायचा. तेव्हा त्याला कोणी ‘ट्रेनिंग’ म्हणत नव्हतं. तीन हजार मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम, ८ मिनिटं ९.९१ सेकंद, त्यानं पॅरिसमध्ये २०२४ साली केला. सगळी पोरं साबळे होणार नाहीत. पण आपण शाळेच्या दारापर्यंत रिक्षा लावून दिली आणि दिवसातला हा फुकटचा व्यायाम काढून घेतला, हे मान्य करा. रिक्षा दोन चौक अलीकडे थांबवायला सांगा.

सोबत हवीच. एकट्यानं व्यायाम करणं हे मोठ्यांनाही जमत नाही, चौदा वर्षांच्या पोराकडून कशाला अपेक्षा करायची? मैदानावर कोण टिकतं हे मी पहिल्या आठवड्यात सांगू शकतो. ज्याला हाक मारायला कोणीतरी घराखाली येतं, तो. त्याच इमारतीतला, त्याच्याइतकाच दमणारा एक मित्र शोधा. चांगला पळणारा नको. वडील स्वतः आले तर सोन्याहून पिवळं, फक्त वाटेत सल्ले द्यायचे नाहीत.

आणि ते ‘२१ दिवसांत सवय लागते’ कुठून आलं देव जाणे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा २०१० साली छापलेला एक अभ्यास आहे. त्यात नवी गोष्ट आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाण्याचा ग्लास पिण्यासारखी सोपी सवय लवकर बसली, व्यायामाची उशिरा. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नव्हतं. म्हणून बाविसाव्या दिवशी मुलानं खाडा केला की ‘झालं, सुटलं तुझं’ म्हणू नका. मी पोरांना एकच नियम देतो: एक दिवस बुडाला तर बुडाला, लागोपाठ दोन बुडवायचे नाहीत.

मामेभावाबरोबर पाठवू नका. त्या पोराचं काम वेगळं आहे. त्याला मैदानी चाचणीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यात गुण काढायचेत, एकेका सेकंदाला गुण जातात. ती पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर जिवाच्या आकांतानं पळतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या नडग्या भरतीच्या आधी महिनाभर ठणकायला लागतात, कारण रोज फक्त परीक्षाच देतात, तयारी करतच नाहीत. तुमचा मुलगा त्यांच्यामागे पहिल्या दिवशी चारशे मीटर जाईल, खाली बसेल, आणि हसं होईल. भावाला रविवारी मैदानावर बोलवा, त्याच्याकडून गोळा कसा धरायचा ते शिकू दे. पोरांना त्यात मजा येते, आणि जाड पोराला गोळाफेकीत बहुधा पहिल्यांदाच आपलं अंग उपयोगाचं आहे असं वाटतं.

पहाटेचा आग्रहही सोडा. रात्री बाराला झोपणाऱ्या पोराला पाचला उठवून पळवणं म्हणजे डाव्या खिशातलं उजव्या खिशात घालणं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. संध्याकाळी साडेपाच-सहा ही वेळ उत्तम आहे, ब्राह्ममुहूर्ताचं पुण्य नाही मिळालं तरी चालेल. फोनचं म्हणाल, तर भांडणापेक्षा जागा बदला. रात्री दहा वाजता घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळे म्हणजे वडिलांचाही. तो एक फोन उशाशी राहिला की नियम मोडला असं पोरं समजतात, आणि बरोबरच समजतात.

उंचीचं: वजन उचलल्यानं उंची खुंटते हा गैरसमज आहे. शिकवणारा जाणता असेल, वजन हलकं असेल आणि ढब नीट असेल, तर या वयात ताकदीचा व्यायाम हाडांना चांगलाच. धोका आहे तो ‘किती उचलतो बघू’ या पैजेचा. म्हणून सोळापर्यंत स्वतःच्या अंगाचं वजन पुरे असं माझं मत, तेही उंचीच्या भीतीनं नाही, तर बहुतेक जिममध्ये चौदा वर्षांच्या पोराकडे लक्ष द्यायला कोणी मोकळं नसतं म्हणून. गुडघ्याच्या खाली, वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतं म्हणाला तर नाटक समजू नका. वाढत्या वयात उड्या मारणाऱ्या, पळणाऱ्या मुलांत ते होतं. थोडे आठवडे उड्या कमी करायच्या, डॉक्टरांना दाखवायचं.

पावडरचा डबा नको. हिशेबच करू. त्याच्या वयाला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. दोन अंडी १२, वाटीभर मटकीची उसळ ८, पेलाभर दूध ६, मूठभर शेंगदाणे ७, दिवसभरातल्या भाकरी-चपात्यांचे ९-१०. झाले की. अंडी चालत नसतील तर फुटाणे, दही, डाळ वाढवा. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली काढलेल्या आहार-सूचनांमध्येही प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच सांगितलंय. तो डबा त्याला ताकदीसाठी नकोच आहे, ताई. जिममधल्या दादांच्या हातात तो असतो म्हणून हवाय. ओरडून नाही म्हणण्यापेक्षा हा हिशेब त्यालाच कागदावर मांडायला लावा. मात्र कोणी ‘इंजेक्शन’, ‘कोर्स’ (म्हणजे स्टिरॉइड) असे शब्द काढले तर तिथे मवाळपणा नको. त्या दारातून मुलाला लगेच बाहेर काढायचं.

खाण्याबद्दल बाकी फार बोलत नाही. डाएट बिएट लावू नका. घरात बाटलीबंद थंड पेय आणणं बंद करा. ३०० मिलीच्या कोलाच्या बाटलीत आठ चमचे साखर असते. पोरांसमोर एकदा तेवढी साखर पेल्यात मोजून दाखवा, भाषणाची गरज पडत नाही. वडापाव मित्रांबरोबर खाल्ला तर खाऊ द्या. पण शाळेतून आल्यावर समोर काय दिसतं हे तुमच्या हातात आहे. डब्यात गूळ-शेंगदाणे दिसले तर ते खातील, पाच रुपयांची पाकिटं दिसली तर ती.

वजन काट्यावर मोजत बसू नका. वाढत्या मुलाचं वजन तेवढंच राहिलं आणि उंची वाढली तरी तो सुधारलाच. मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानानं वजनाचा) तक्ता त्याला लावायचा नसतो. मुलांचे तक्ते वय आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे वेगळे असतात, बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात. आणि एकदा त्यांच्याकडे न्याच, कारण तीन जिन्यांत धाप लागते म्हणजे दमा नाही ना, हेही बघून घेतलेलं बरं. पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय एक फेरीही नको.

आता मुलगी.

‘बारीक आहे, तिचं काही नाही’ हे वाक्य मी पालकसभेत इतक्यांदा ऐकलंय की त्याची मला भीती वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. मुलांत हेच प्रमाण ३१ टक्के. म्हणजे दमणारी मुलगी समोर आली की आळस, मोबाइल, अभ्यासाचा ताण यांच्या आधी माझ्या डोक्यात हिमोग्लोबिन येतं. १२ च्या खाली असेल तर ती कितीही पळाली तरी दमतच राहणार, आणि लोक म्हणणार की हिला व्यायामाची आवड नाही. आमच्या शाळेत आठवीतली एक मुलगी लंगडीला पहिल्या डावातच बसायची. मी तिला दोन महिने ‘जरा जोर लाव’ म्हणत होतो. तपासलं तर साडेसात निघालं. ती लाज माझी.

याच आठवड्यात तपासणी करा, सरकारी दवाखान्यातही होते. पाळीत रक्तस्राव जास्त जातो का, हे तुम्हीच विचारा, ती आपणहून सांगणार नाही. कमी निघालं तर किती दिवस काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेत होती की दप्तरात टाकत होती, तेही हळूच विचारा. पोटात मळमळतं म्हणून कितीजणी टाकून देतात, जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. घरात अळिवाचे लाडू, पालेभाजी, डाळीवर लिंबू, आणि जेवणाला लागून चहा नको, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. सकाळी काही न खाता क्लासला जाते का बघा. बारीक राहायचं म्हणून जेवण टाळत असेल, किंवा पाळी दोन-तीन महिने चुकली असेल, तर तो विषय माझ्या हातातला नाही, डॉक्टरांचा आहे, आणि थांबण्यासारखा नाही.

रक्त ठीक निघालं, किंवा औषधानं वर आलं, की तिलाही मैदानावर आणा. मुली सातवी-आठवीत मैदान सोडतात ते आवड संपली म्हणून नाही. मैदानाजवळ संडास नसतो, पाळीचे दिवस असतात, कडेला टवाळ पोरं बसलेली असतात, अंधार पडतो. एक गोष्ट आमच्या शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितली होती, ती पुरुष शिक्षकांच्या कधी लक्षातच येत नाही: नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि गडद रंगाची ट्रॅक पँट नसेल तर मुलगी पळणारच नाही. बुटांच्या आधी तो खर्च करा. मैत्रीण बरोबर द्या, उजेड असताना परत यायची वेळ ठरवा. पाळीत खेळायला काही हरकत नाही, पोटात दुखत असेल तर त्या दिवशी नुसतं चालायचं. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, मुलींचा संघ जिंकला, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तो अंतिम सामना दोघांना एकत्र बसून दाखवा. माझ्याकडच्या पोरींनी तो बघून दुसऱ्या दिवशी स्वतःच पाटी आखली होती.

मोजायचंच असेल तर एक गोष्ट मोजा. शाळांतून फिट इंडियाची जी चाचणी घेतात त्यात ६०० मीटर पळणं-चालणं असतं. येत्या रविवारी मुलाकडून ते करून घ्या, चालत गेला तरी चालेल, आणि लागलेली वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी पुन्हा. वडिलांना ती पहिली वेळ तेवढी दाखवू नका. मुलीचा रिपोर्ट आला की मात्र मला जरूर कळवा.